ओढ्याअलीकडची सरासरी

पेपरात ते दोन रकाने छापून आले त्या पहाटे
मी बसच्या काचेवरचं दव पुसत होते, त्याच पेपरानं.
डावीकडे मॅरो बेंड, एकेचाळीस पूर्णांक तीन.
उजवीकडे फेअरलॉन, त्र्याण्णव पूर्णांक आठ.
मधे एक बारीक काळी रेघ.
आमच्याकडे तिला ओढा म्हणतात.
मिझुरीच्या कुठल्याच नकाशात त्याला नाव नाही,
ऑगस्टात कुत्रंसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जातं.

राज्याची माणसं येऊन गेली होती मार्चमध्ये.
तिघं. बूट फार स्वच्छ.
त्यांनी गळक्या छताखालच्या बादल्या मोजल्या,
विज्ञानाच्या खोलीतले नळ फिरवून पाहिले,
आणि कागदावर लिहिलं:
ग्रंथालय एक, ग्रंथपाल अर्धी.

ती अर्धी म्हणजे युलेली फॉन्टेनो.
मंगळवारी-गुरुवारी आमच्याकडे, उरलेली दुसऱ्या शाळेत.
मी विचारलं, कोणता अर्धा भाग येतो गं आमच्या वाट्याला?
म्हणाली, ज्याचे गुडघे दुखतात तो.

मग मान्यता गेली.
गेलं म्हणजे नेमकं काय, ते कुणाला दिसलं नाही.
घंटा वेळेवर झाली, झेंडा वर चढला,
ऑड्रिक सर फळ्यावर अपूर्णांक काढतच होते.
पण एका रात्रीत सगळं गाव नापास झालं होतं,
तीस वर्षांपूर्वी शाळा सुटलेल्या माझ्यासकट.
घरी भिंतीवर माझं प्रमाणपत्र आहे.
मी ते उतरवलं नाही.
फक्त त्या दिवशी जरा जास्त वेळ पुसलं.

कायदा म्हणाला, ज्यांना जायचं त्यांनी पलीकडे जावं.
म्हणून माझी बस पाच चाळीसला निघते.
पूल जुना, वजन पेलत नाही,
त्यामुळे पलीकडे जायला एकवीस मैलांचा वळसा.

फेअरलॉनच्या व्यायामशाळेत सभा झाली.
मी दाराशी उभी, किल्ल्या मुठीत.
एक बाई माइकपाशी आली, अगदी सभ्य,
म्हणाली, आमच्या सरासरीचं काय होईल?
तिचा हात थरथरत होता.
खोटं कशाला बोलू, मला तिची भीती कळली.
बहीण तीन पोरं घेऊन राहायला आली
तेव्हा मीही दूध असंच मोजलं होतं.
कळली म्हणून ती कमी टोचली, असं मात्र नाही.

डिमॅरियन टॅलबर्ट, चौथा बाक, खिडकी.
दोन स्वेटर एकावर एक.
बस वळसा घेते तेवढ्यात
तो काचेवरच्या दवावर बोटानं भागाकार करतो,
लांबलचक, पार रबराच्या कडेपर्यंत.

मे महिन्यात निकाल आला. त्याला शहाण्णव.
कचेरीतल्या प्रिचेटबाईंना मी विचारलं,
हे शहाण्णव कुणाच्या रकान्यात धरणार?
त्यांनी चष्मा वर सरकवला, नियम वाचला, पुन्हा वाचला.
बदली होऊन गेलेलं मूल
पहिल्या वर्षी कुठेच धरत नाहीत.
ना अलीकडे, ना पलीकडे.
"मला वाईट वाटतं, व्हर्लीन," म्हणाल्या,
आणि खरंच वाटलं असावं,
कारण त्यांनी मला टेबलावरची एक पेपरमिंट दिली.

संध्याकाळी बसमध्ये मी त्याला सांगितलं.
तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.
"म्हणजे मी हवेत पास झालो," म्हणाला,
आणि मागच्या दोघी इतक्या हसल्या
की मला रस्त्याकडे बघायला निमित्त मिळालं.

सगळी उतरल्यावर मी फडका घेऊन मागे गेले.
दव कधीच वाळलं होतं, बोटाचे डाग उरले होते,
तिरप्या उन्हात आकडा न् आकडा स्पष्ट.
मंगळवार होता. मी युलेलीला हाक मारली.
ती दोन पायऱ्या चढली, थांबली, तिसरी चढली,
काचेला नाक लावून तपासू लागली,
वरून खाली, हातचे धरून.
बरोबर आहे, म्हणाली,
फक्त सातापुढे टिंब द्यायला हवं होतं.
मग बोट ओलं करून
तिनं ते दिलं.