पत्त्यावरचं भोक

बसव्वा हत्तुरेच्या गोठ्यात दोन बहिणी आहेत.
आई एक, वळूचा नंबर एक,
मध्ये फक्त एका वेताचं अंतर.
मरवड्याच्या त्याच काळ्या रानातला कडबा,
तीच सरकी पेंड, हौदातलं तेच मचूळ पाणी.
थोरली सकाळी चरवी दोनदा भरते.
धाकटी एकदा, तीही काठाला न लागता.

"सायेब, दोन्ही येळंला नळी तुमीच भरली,
मग चुकलं कुणाचं?"

मी टाकीचं झाकण उचलतो.
पांढरी वाफ गुडघ्यापर्यंत येऊन विरते.
शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांत निजलेल्या नळ्या,
त्यांवर बारीक अक्षरांत छापलेलं:
वळू, जात, तारीख.
होणाऱ्या लेकीचं दूध कुठेच छापलेलं नसतं.

प्रशिक्षणात गुणसूत्रांच्या तीस जोड्या
फळ्यावर काढून दाखवल्या होत्या.
इथे फळा नाही, शेणानं सारवलेली भिंत आहे.
म्हणून मी घरचं सांगतो.

आमचे नायना सोलापुरात
जकार्डच्या मागावर चादरी विणायचे.
डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरायची,
खटक, खटक.
भोक असेल तिथे सुई आत जाते, दोरा उचलतो.
नसेल तिथे दोरा खाली राहतो.
एवढंच.
मोर त्यातूनच यायचा.
एकदा कापसाच्या भुशानं एक भोक बुजलं
आणि त्या पाळीच्या सातही चादरींत
मोरांना डोळाच नव्हता.
मालकानं पैसे कापले.
त्यातली एक आईनं ठेवून घेतली.
थंडीत अजून मी तीच ओढतो.

"तुझ्या गाईत अशा दोन माळा असतात, बसव्वा.
एक तिच्या आईची, एक बापाची.
वासराला देताना ती निम्मेच पत्ते देते,
आणि दर खेपेला वेगळे.
कुठले उचलले, ते तू बघितलं नाहीस,
मीही नाही.
चौदाव्या जोडीत एक जागा आहे,
तिथलं अक्षर बदललं
की दूध उतरतं कमी, आणि साय धरते जाड."

"साय जाड हाय, ते खरं," ती म्हणते,
"बोटानं उचलतीया.
पण वैशाखात पत्रा तापला की बगा,
थोरली जीभ काढून उभी. दूध निम्म्यावर.
ही आपली बसून रवंथ करतीया.
खिलार आजीवर गेलीया माझी.
ते कुठल्या पत्त्यावर हाय?"

"ते एका पत्त्यावर नाही.
पुष्कळ पत्ते आहेत,
सगळे मलाही वाचता येत नाहीत."

तिला हे उत्तर आवडलेलं दिसतं.

डेअरीत दोघींचं दूध एकाच कॅनमध्ये जातं.
फॅटच्या यंत्रावर उमटतं तीन पूर्णांक आठ,
जे थोरलीचं नाही, धाकटीचंही नाही.
पावतीवर मात्र तेच.

माझ्या पिशवीत यादी आहे:
कुठली गाय ठेवावी, कुठली काढावी.
धाकटीच्या नावापुढे मीच फुली मारली होती.
पण आज माजावर आलीय तीच,
आणि बसव्वानं दावं आखडून धरलंय.

मी यादी तशीच घडी करून ठेवतो.
हातमोजा चढवतो, नळी काढतो,
तिच्यावरचा नंबर दोनदा वाचतो.

"पाणी कोमट हाय का बगा," बसव्वा म्हणते,
"मागच्या खेपंला लई गरम झालतं."