दोनशे छप्पन ओळी

खसबमध्ये पाच वाजून गेले
की उघड्या डोंगरांना कुठला रंग म्हणावा, कळत नाही.
खाली अंगणांत तारली वाळत घातलेली,
तिच्यावर डोळा ठेवून शेळ्या,
आणि मी केंद्राच्या थंडगार खोलीत
अर्धवट मेलेल्या प्रवाळाच्या फोटोसमोर.

फोटो म्हणजे नुसते आकडे.
शून्य ते दोनशे पंचावन्न,
सगळे करडे, सगळे गप्प.
रंग त्यांना आपण देतो:
दोनशे छप्पन ओळींचा तक्ता,
ओळीओळीत लाल किती, हिरवा किती, निळा किती.
सत्तेचाळीस आला तर त्याने काय नेसायचं
ते सत्तेचाळीसच्या ओळीत लिहिलेलं.
आकडा तोच. नेसणं वेगळं.

(हे मी शिकले ते चुकून.
पहिल्याच महिन्यात भलतं बटण दाबलं,
रंग आकड्यांत मुरले, मूळ प्रत ठेवली नव्हती.
चित्र इतकं देखणं झालं की
अजून स्वागतकक्षात टांगलेलं आहे.
मोजायला त्यात काही उरलेलं नाही.)

सॉफ्टवेअरमध्ये आयता तक्ता होता, इंद्रधनुष्याचा.
अहवालात उठून दिसतो, साहेबांना आवडतो.
मी तोच लावला आणि झाहिरला हाक मारली:
बघ, लाल ते जिवंत, हिरवं ते जेमतेम,
निळं ते गेलं.

झाहिर चोवीस वर्षं या खाडीत बुड्या मारतोय.
त्याने मान तिरकी केली. चष्मा पुसला.
मग त्याच्या मोडक्या हिंदीत विचारलं,
"लाल कुठे संपतं?"

मी हसले, आणि मग हसू तसंच राहिलं.

नोकरीच्या अर्जातल्या त्या रकान्यात
त्याच्या भावाने खूण केली होती,
एवढंच बोलला.

त्या रात्री मी माझा तक्ता लिहायला घेतला.
बार्शीला मामाचं कापडाचं दुकान होतं.
हिरवं दाखवा म्हटलं की मामा विचारायचा, कोणतं?
पोपटी, शेवाळी, मोरपंखी, पिस्ता,
गिऱ्हाईक बावरून खुर्चीत बसायचं.
पण दिवे गेले की कंदिलात सगळंच करडं;
तरी मामाचा हात बरोबर थप्पीवर जायचा,
कारण त्याने मांडणी रंगाने केलेली नसे.
खाली गडद, वर फिकं.
अंधारातही कपाट खोटं बोलत नसे.

तर शून्याला काजळ.
पुढे रात्रीचा निळा, नव्वदच्या आसपास राख,
मग गव्हाळ, मग हळद,
शेवटच्या ओळीला श्रीखंडी.
प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून जराशी उजळ,
कुठेच मागे वळायचं नाही.
ऑफिसच्या जुन्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढून पाहिलं:
उतरंड शाबूत.
फाइलला नाव दिलं, मामा.

दुसऱ्या दिवशी झाहिर बराच वेळ उभा राहिला.
मग डाव्या कोपऱ्यात खाली बोट टेकवलं.
"हे. हे काय आहे?"
राखेत एक गव्हाळ ठिपका, वाटाण्याएवढा.
इंद्रधनुष्यात तिथे सरसकट हिरवं होतं,
मी तीन आठवडे त्याच्यावरून नजर फिरवत होते.
"इथे खालून गार पाणी येतं," तो म्हणाला,
"बुडी मारली की पोटऱ्यांना लागतं."
आणि त्या पाण्याच्या तोंडाशी
या उन्हाळ्यालाही न जुमानता
कोणीतरी तग धरून होतं.

साहेब म्हणाले, फिकं वाटतंय.
मी फोटोशेजारी पट्टी लावली,
कुठल्या आकड्याला कुठला रंग,
आणि फिकंच पाठवलं.

संध्याकाळी बाहेर पडताना
झाहिरने डोंगरांकडे हात केला.
"आत्ता कोणत्या रंगाचे आहेत?"
मी डोळे बारीक केले. म्हटलं, एकशे दहा.
तो थोडा वेळ बघत राहिला.
"नाही," म्हणाला,
"अजून उजेड आहे.
एकशे वीस."