फळी

उद्या आठला डेरेक येईल, हातोडा घेऊन.
आज खोकी. सगळ्यांवर लिहिलंय 'नाजूक',
खलबत्त्याच्यासुद्धा.

पोहे, साबुदाणा, मुदत संपलेलं मेतकूट
(पुडीवर आईचं अक्षर, टाकवत नाही)
जिन्याच्या पायऱ्यांवर.
किटली बाथरूममध्ये.
शिरीष म्हणतो, सहा आठवडे.
डेरेक काहीच म्हणत नाही.

रिकाम्या कपाटात, फुलाफुलांच्या कागदाखाली
पेन्सिलीचं अक्षर निघालं:
'दूध. मंगळवारपासून एकच बाटली.'
डडलीतल्या या घरात आमच्याआधी राहिलेल्या
मिसेस पार्गेटरचं.

शेजारी माझ्या लोणच्याच्या बरणीचं
पिवळं वर्तुळ,
बावीस वर्षं कागदातून झिरपलेलं.

फळी तेवढी उचकटून काढली.
कुठल्याच खोक्यात मावेना.
शेवटी गाडीत, मागच्या सीटवर ठेवली,
पट्टा लावून.