फेरिटिन अकरा

रात्री दीडच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडतात.
फडताळात कपबश्या किणकिणतात,
थांबतात.
तुझे पाय थांबत नाहीत.

कीरुना. डिसेंबर.
दहा तारखेपासून सूर्यानं तोंड दाखवलेलं नाही.
तू उठतेस, लोकरी मोजे चढवतेस,
खाटेपासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत एकोणीस पावलं,
तिथून परत एकोणीस.
मी मोजतो, झोपेचं सोंग घेऊन.
लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, गुनवोर,
सोंग तुला कळतं.

काय होतं, तेच सांगता येत नाही.
दुखतं? नाही.
मुंग्या? मुंग्या परवडल्या.
पोटरीच्या आत, हाडाला लागून,
सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे वर यायला बघतात,
म्हणालीस एकदा,
आणि बूच कुठं आहे ते सापडत नाही.
चाललं की शमतं. टेकलं की पुन्हा वळवळ.
शेजारची ऐला म्हणाली, मन थाऱ्यावर नसलं की असं होतं.
तुझं मन!
ते बिचारं उशीवर पडून वाट बघत असतं,
पाय कधी घरी येतील याची.

दवाखान्यात नवी डॉक्टर आलीय, यल्दा.
नावाचा अर्थ, वर्षातली सर्वांत लांब रात्र.
तिनंच सांगितलं, हसत, सुई टोचता टोचता.
हिमोग्लोबिन चांगलं आहे, असं सांगून
दहा वर्षं सगळे आपल्याला घरी पाठवत आले.
ती म्हणाली, तो दुकानाचा दर्शनी भाग.
मी मागचं कोठार उघडून बघितलं.
फेरिटिन. अकरा.

मग तिनं कागदावर मेंदू काढला, बटाट्यासारखा,
आणि तळाशी एक काळा ठिपका.
इथं डोपामिन तयार होतं. लोखंडाशिवाय ते यंत्र नीट चालत नाही.
दिवसा कसंबसं भागतं,
रात्री माल आणखी उतरतो
आणि पायांना ‘आता पुरे’ सांगायला कुणी उरत नाही.
असं आम्हाला वाटतं, ती म्हणाली.
सगळं अजून आम्हालाही ठाऊक नाही.
(तिथं मला ती आवडली.)

रक्तदान करता का?
तुझा चेहरा उजळला. एकसष्ट वेळा!
पर्समधून चांदीची पिन काढून दाखवलीस.
डॉक्टर पिनकडे बघत राहिली,
अभिनंदन करावं की रागवावं, तिला कळेना.

घरी येऊन मी वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
पिशवीमागे सव्वादोनशे मिलिग्रॅम लोखंड,
एकसष्ट पिशव्या, म्हणजे चौदा ग्रॅमसुद्धा नाही.
मी अडतीस वर्षं खाली होतो.
नार्विकला जाणाऱ्या गाडीला अडुसष्ट वॅगन असतात,
एका वॅगनच्या फटीतून याहून जास्त सांडतं.
खालून आम्ही इतकं उपसलं
की जमिनीला भेगा पडल्या, गावच उठून चालायला लागलं,
लाकडी चर्चसुद्धा चाकांवर बसून निघालं.
तू गर्दीत उभी होतीस, या पायावरून त्या पायावर,
आणि म्हणालीस, बघ, त्यालाही बसवेना.

आता गोळी, संत्र्याच्या रसाबरोबर.
कॉफी गोळीपासून दोन तास लांब.
मग पायच बरे होते, असं तू म्हणालीस
आणि किटली माझ्याकडे सरकवलीस.
गुण यायला महिने लागतील, नाहीतर नसेतून देऊ.
परवा सोळा फेऱ्या. काल अकरा.
आज मध्येच पुन्हा चौदा.

आणि आत्ता सुरुंग उडाला.
कपबश्या किणकिणल्या.
माझ्या नडगीवर तुझी एक लाथ बसली, चांगली सणसणीत,
मी मोजायला तयार झालो.
तू उठली नाहीस.
वाट बघितली.
तुझा श्वास जड होत गेला, तोंड किंचित उघडं.
इतक्या वर्षांत ही शांतता ऐकायची सवय राहिली नाही,
मलाच झोप येईना.
उठलो, तुझे मोजे घातले,
खिडकीपर्यंत गेलो.
माझी सतराच भरतात.