गाडी रिकामी आहे

कागदावर माझी सही आधीच होती.
वेळ सात पन्नास. मुलं एकोणीस.
खाली अरबीत आणि इंग्रजीत एकच वाक्य छापलेलं:
शेवटच्या सीटपर्यंत जाऊन पाहिलं, गाडी रिकामी आहे.

मी गेले नव्हते शेवटच्या सीटपर्यंत.
झैनाला दारातच उलटी झाली,
माझा एक हात तिच्या कपाळावर, दुसऱ्यात पेन.
हमूदचाचांनी गाडी सावलीत लावली,
म्हणजे सोहारमध्ये मे महिन्यात
जिला सावली म्हणतात तिच्यात,
आणि ते चहाला गेले.

वर्गात अठरा पेले भरले.
एकोणिसावा, नारिंगी, पालथाच राहिला.
मी त्याच्याकडे क्षणभर नुसतीच बघत राहिले,
दुसऱ्याच्या चुकीकडे बघावं तशी.
मग अनवाणी धावले.

नूह झोपला होता.
गालावर सीटच्या कापडाची नक्षी उमटलेली,
केस ओलेचिंब, मुठीत अर्धा खजूर.
डोळे उघडून म्हणाला, "पोचलो?"
पोचलास, म्हटलं.
मग घड्याळ पाहिलं, कारण पाहावं लागतं.
सहा मिनिटं.
माझ्या तळव्यांना फोड आले, ते मला दुपारी कळलं.

कुणी पाहिलं नव्हतं.
हमूदचाचा "अल्हम्दुलिल्ला" म्हणाले आणि नजर खाली केली.
कागदावर दुसरी सही त्यांची होती.

मिस थुरैयांनी दार लावून घेतलं,
पंखा माझ्याकडे वळवला.
"पाणी प्यायला ना? खेळतोय ना?
मग लिहायचं काय?
पुढच्या आठवड्यात तपासणी आहे.
तुझा व्हिसा नोव्हेंबरपर्यंतच आहे."
धमकी नव्हती ती. काळजीच होती.
म्हणून जास्त जड गेली.

आमची आई मंगरूळपीरकडे अंगणवाडीत होती.
महिन्याच्या शेवटी काट्याला पोरं टांगायची,
पोरं हातपाय झाडायची, काटा थरथरायचा.
मॅडम म्हणायच्या, अर्धा अर्धा किलो वाढवा हो बाई,
तुमचं गाव सगळं लाल दिसतंय तक्त्यात.
आई काय लिहायची, मला माहीत नाही.
तिनं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

फॉर्ममध्ये 'काय वाटलं' असा रकाना नसतो.
किती वाजता, कुठे, कोण हजर होतं.
मी लिहिलं: मूल गाडीत राहून गेलं.
वाचलं.
केवढी सोय आहे भाषेत!
राहून गेलं, होऊन गेलं, विसरलं गेलं,
जणू वारा येऊन सगळं करून जातो.
खोडलं.
लिहिलं: मी न पाहता सही केली.
मी त्याला गाडीत सोडून आले.
खोडलेलंही वाचता येईल असंच ठेवलं,
नियम तसा आहे.

इख्लास एक वाजता आली, रात्रपाळी करून,
हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात तसंच.
उभ्यानं वाचलं.
"सहा?"
हो.
"मोजलीस तू?"
मोजली.
तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.
मग नूहसमोर बसून
त्याच्या बुटाचा पट्टा उघडला, लावला,
परत उघडला, परत लावला.
मला काही बोलली नाही ती.
बोलली असती तर बरं झालं असतं,
पण ते माझ्या बऱ्यासाठी नव्हतं ना काही.

मला लेखी ताकीद मिळाली. चाचांनाही.
आता ते माझ्यासाठी चहा आणत नाहीत.
नोव्हेंबर अजून लांब आहे.
नूह दुसऱ्या नर्सरीत जातो म्हणे, बंदराच्या बाजूला.

आता मुलं अठरा, पेले अठरा,
हिशोब रोज जुळतो.
नारिंगी पेलाही मी रोज विसळते.

आणि गाडी थांबली, सगळे उतरले की
मी पुन्हा चढते.
प्रत्येक सीटवर हात ठेवत जाते,
रेक्झिन भाजतं.
शेवटच्या सीटशी गुडघे टेकून खाली वाकते,
एक क्लिप, एक रंगीत खडू, वाळू.
थोडा वेळ ऐकते.
मगच पेनाचं टोपण काढते.