कोण बघतंय?

वडगावात मागांची खटखट थांबते
ती फक्त लाईट गेल्यावर.
त्या खटखटीच्या वर जायचं म्हणून
इथं टीव्ही कायम मोठ्यानं लागायचा,
आणि पावत्या फाडत गल्लीतून फिरताना
मला मालिका सलग ऐकू यायची:
इराप्पांच्या दारात एक सासू कन्नडात भांडण काढी,
मुचंडीकरांच्या उंबऱ्याशी दुसरीच सासू
ते मराठीत पुरं करी.

बावीस वर्षं. एक वही, एक शिडी,
कमरेला पक्कड, खिशात चार जॅक.
दर पाच तारखेला यल्लूमावशीचा तोच सवाल:
‘कन्नडचे चॅनल पॅकात, आणि आमच्या भाषेला
वरचे पैसे व्हय रे, लुमाण्णा?’
मावशी, पॅक मी बांधत नाही,
मी नुसती वायर बांधतो.
तरी दोनदा माझ्या खिशातून भरलेत तिचे वरचे पैसे.
हे तिला कळू देऊ नका.

आज तिच्याच घरची वायर काढायला चढलोय.
शिडी धरून तिचा मुलगा खालून समजावतोय मला:
एक ॲप क्रिकेटला, एक पिक्चरला,
एक रिचार्जबरोबर आलेलं, एक पुण्याच्या भाच्याचं,
त्याचा पासवर्ड आपला,
आणि वर महिन्याचं नेट.
मी खांबावर मनातल्या मनात बेरीज केली.
माझ्या दुपटीच्या पुढं गेली.
पण वर चढलेल्या माणसानं
शिडी धरणाऱ्याची बेरीज चुकली म्हणू नये.

छत्रीवाले आले तेव्हा मी हसलो होतो, कबूल.
जरा आभाळ भरलं की त्यांचा पडदा निळा,
आणि बायका पायांत चपला सरकवून
माझ्या गिऱ्हाइकांच्या सोप्यात.
आता हसायला काही नाही.
माझ्याच घरी गोकाकची सून
कानात बोंडं घालून कुठल्या परदेशातली मालिका बघते,
माणसं तिकडची, बोलणं कन्नड,
जाहिरात नाही, उद्याची वाट नाही,
एका रात्रीत सोळा भाग, सकाळी डोळे लाल.
मुलगा दुसऱ्या खोलीत त्याचं बघतो.
रिमोटवरून भांडण मिटलं.
खोटं कशाला बोलू, बरंच आहे.
फक्त जेवताना कुणी विचारत नाही
पुढं काय झालं म्हणून.

उतरल्यावर मावशीनं चहाला आत बोलावलं.
भिंतभर नवा टीव्ही. त्यावर प्रश्न:
कोण बघतंय?
खाली गोल गोल तोंडं: भाचा, भाच्याची बायको,
मुलगा, आणि कडेला एक हत्तीचं पिल्लू.
‘ते माझं,’ मावशी म्हणाली.
चुकून नको ते लागायला नको म्हणून
तिला लहान मुलांच्या खान्यात घातलंय.
मी दारात उभा राहून बावीस वर्षं
हाच प्रश्न विचारत आलो,
पण मला पोरापासून आजारी म्हाताऱ्यापर्यंत नावं माहीत होती,
आणि उत्तर ऐकायला मी थांबायचो.

मावशीनं रिमोट माझ्या हातात दिला.
‘लुमाण्णा, यात साडेसात कुठं असतात?’
मी म्हणालो, मावशी, यात साडेसात नसतात.
तू दाबशील तेव्हा लागतं.
ती हत्तीकडं बघत राहिली.
‘मग मी बसू कधी?’

वीस-बावीस हात निघाली वायर.
गुंडाळून खांद्यावर टाकत होतो तर म्हणाली,
ठेव की इथंच, धुणं वाळत घालायला होईल.
ठेवली. वहीत तिच्या नावावर आडवी रेघ मारली.
रेघ पेनानं दोनदा मारावी लागली.

पुढच्या पाच तारखेला त्या गल्लीत गेलो,
आता सातच घरं राहिलीत.
इराप्पांच्या दारात सासूनं भांडण काढलं,
चढ्या आवाजात, कन्नडात.
मुचंडीकरांच्या अंगणात माझ्या वायरीवर
दोन इरकली वाळत होती.
मी थोडा वेळ थांबलो.
पुढचं ऐकू आलं नाही.