अडला हरी

तोलपावतीच्या पाठीवर नियम लिहिले,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मला तेवढाच कागद फुकट मिळतो.
एक : खेळ नेहमीचाच, बदाम सात.
दोन : ज्याचं अडेल त्यानं हवं ते पान मागावं,
ज्याच्याकडे असेल त्यानं निमूट खाली ठेवावं.
तीन लिहिणार,
तेवढ्यात लासलगावची गाडी काट्यावर लागली.

किती वर्षं बघतोय मी,
माणसं चौकटची अठ्ठी मांडीखाली दाबून बसतात
आणि वर म्हणतात, छे, माझ्याकडे कुठली.
मला वाटलं, ही अडवणूक तेवढी वेचून काढली
की मागे राहील तो खरा खेळ.

कोपरखैरण्यात शुक्रवारी वीज जाते.
सहा सेक्टरच्या जिन्याखाली, पंपाच्या खोलीबाहेर
सतरंजी, एक चार्जिंगचा दिवा, आणि आम्ही चौघं.
शेलारमामा, माथाडी, मानेवर पोत्यांचा घट्टा.
बोनकोड्याचा पद्मन म्हात्रे,
ही बिल्डिंग त्याच्या आजोबाच्या खारीवर उभी आहे
हे तो पत्ते पिसताना दर वेळी सांगतो.
यास्मिन मुकादम, काजं-बटणाचं काम बाजूला सारून आलेल्या.

पहिला डाव अकरा मिनिटांत संपला.
मागितलं की मिळत होतं.
कुणी कुणाला शिवी दिली नाही.
चहा संपला तेव्हाही गरम होता.
मामा म्हणाले, आयला, ह्यो काय ख्योळ झाला?
ही तर रेशनची लाइन.
नाही, रेशनला निदान भांडणं तरी होत्यात.

मग चिंचोके आणले. प्रत्येकी पाच.
मागायचं तर एक चिंचोका मध्ये टाकायचा,
आणि आपली पाळी सोडायची.
अडलेलं असो वा नसो, मागायला कुणालाही मुभा.
हे बरं चाललं. म्हणजे, जरा बरं.
म्हात्रे चिंचोके पुरवून पुरवून वापरायला लागला,
मुकादमबाई हिशेब बोटांवर ठेवायला लागल्या,
आणि मी पावतीवर टिपायला लागलो
की नक्की कुठल्या पानापाशी जांभई येते.

तिसऱ्या शुक्रवारी मामांना टेम्पो काढायला खाली बोलावलं.
त्यांचे पत्ते नातीनं धरले. मयुरी, सहावीतली.
दोन पाळ्या गप्प होती.
मग चिंचोका टाकून म्हणाली, चौकट अठ्ठी द्या.

कुणी दिली नाही.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.
म्हात्रे म्हणाला, माजेकरं नाय रं, आईशपथ.
मुकादमबाईंनी पत्ते छातीशी धरले,
त्यामुळे संशय त्यांच्यावरच गेला.
मी तर नियम करणारा, मी कसा लपवीन, असं म्हणालो,
आणि ते मलाच पटलं नाही.
आवाज चढले. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी शुक् केलं.
चहावर साय धरली.

शेवटी, सगळे हातघाईवर आलेले असताना
पोरीनं आपल्याच हातातून अठ्ठी काढली
आणि सत्तीच्या वर अलगद ठेवली.

जे आपल्याच हातात आहे
तेच ती आम्हा तिघांकडे मागत होती.

म्हात्रे आधी चिडला. मग इतका हसला
की दिवा कलंडला, पानं मिसळली, डाव मोडला.
परत वाटा, मुकादमबाई म्हणाल्या,
त्यांची काजं तशीच पडली होती.

रात्री मी लिहिलं,
सात : स्वतःकडचं पान मागू नये.
पेन तसंच धरून बसलो.
औद्योगिक पट्ट्याकडून तो नेहमीचा आंबूस वास येत होता.
मग सात खोडला.
दोनमधला ‘निमूट’ही खोडला.
वर नाव घातलं : अडला हरी.

पावती उलटी केली तर पुढच्या बाजूला माझंच अक्षर.
बटाटा, बेचाळीस गोणी.
तूट, दीड किलो.
तेवढी आम्ही धरतोच.